एकही ओळ बेहिशेबी नको : हास्केलमधील लॉग-वाचकाच्या प्रकल्प नोंदी

४ डिसेंबर

आजपासून सर्व्हरच्या लॉग-फाइली, म्हणजे घडलेल्या गोष्टींची ओळीओळीने नोंद ठेवणाऱ्या फाइली, वाचणारा नवा प्रोग्रॅम हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायला घेतला आहे. हे काम आजवर ग्रेप, सेड आणि ऑक या मजकूर चाळणाऱ्या आज्ञांच्या साखळीवर चालत आले आहे आणि वेगाच्या बाबतीत त्या साखळीविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या गप्प राहण्याबद्दल. ओळ अपेक्षेप्रमाणे नसली तरी ऑक सहाव्या रकान्यात जे सापडेल ते उचलतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. गेल्या महिन्यात एका सेवेच्या लॉगमध्ये एक शब्द वाढला, त्यामुळे सगळे रकाने एका घराने सरकले आणि फसलेल्या लॉगिनांचा आकडा शून्यावर आला. तो नऊ दिवस तसाच राहिला, कारण शून्य हा आकडा पाहून कुणी चौकशीला उठत नाही.

म्हणून नव्या प्रोग्रॅमचा पहिला नियम असा ठरवला आहे की, वाचलेल्या ओळींची संख्या ही समजलेल्या आणि नाकारलेल्या ओळींच्या बेरजेइतकीच असली पाहिजे आणि नाकारलेली प्रत्येक ओळ कारणासकट वेगळ्या फाइलीत गेली पाहिजे. हा ताळा प्रत्येक अहवालाच्या तळाशी छापला जाईल.

हास्केल निवडण्याचे कारण याच नियमात आहे. ओळ वाचणाऱ्या फंक्शनचा टाइपच (कोणत्या प्रकारचे मूल्य मिळेल याची घोषणा) असे सांगतो की हाती एक तर नोंद येईल, नाहीतर नाकारण्याचे कारण येईल. आणि त्या दोन शक्यता वेगळ्या केल्याशिवाय आतल्या नोंदीला हात लावताच येत नाही. ही भाषा केवळ संशोधनापुरती आहे ही समजूत अजून ऐकू येते, म्हणून येथे नोंदवतो की तिचा पहिला अहवाल १९९० मध्ये निघाला आणि पॅनडॉक, शेलचेक, गिट-ॲनेक्स ही रोजच्या वापरातली साधने तिच्यातच लिहिलेली आहेत.

६ डिसेंबर

पहिला कच्चा आराखडा भाषेच्या मूळ स्ट्रिंग प्रकारावर लिहिला आणि संध्याकाळपर्यंत टाकून दिला. हास्केलमधील स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची यादी. प्रत्येक अक्षरामागे यादीचा एक दुवा लागतो आणि ६४-बिट यंत्रावर तो दुवा २४ बाइट घेतो : ८ बाइट त्याच्या स्वतःच्या ओळखीचे, ८ अक्षराचा पत्ता ठेवायला आणि ८ पुढच्या दुव्याचा पत्ता ठेवायला. साधी आस्की अक्षरे, म्हणजे इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे, जीएचसी या हास्केल-कंपायलरचा रनटाइम (प्रोग्रॅम चालताना त्याला सांभाळणारा भाग) आधीच तयार ठेवतो, त्यामुळे त्यांचा वेगळा खर्च पडत नाही. तरीही ४०० मेगाबाइटची फाइल अशा रूपात पूर्णपणे मेमरीत राहिली, तर ती सुमारे ९.६ गिगाबाइट होते. मूल्यमापन लेझी असल्यामुळे, म्हणजे गरज पडेल तेव्हाच गणित होत असल्यामुळे, फाइल सहसा पूर्ण राहत नाही. पण यादीच्या आरंभाला कुणी एकानेही धरून ठेवले, तर ती राहतेच.

आता सगळे वाचन बाइटस्ट्रिंगवर आहे. बाइटस्ट्रिंग हा सलग बाइटांचा तुकडा असतो आणि त्यातून शब्द कापून काढताना बाइट नव्याने लिहिले जात नाहीत. मूळ तुकडा तोच राहतो, फक्त कुठून सुरू आणि किती लांब एवढेच बदलते. लेझी बाइटस्ट्रिंग ही सुमारे ३२ किलोबाइटच्या अशा तुकड्यांची माळ असते. टेक्स्ट हा मजकुराचा प्रकार येथे मुद्दाम टाळला आहे. तो वाईट नाही, २.० या आवृत्तीपासून तो आतून यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या रूढ संकेतनातच, असतो. पण लॉगमधल्या ओळी वैध यूटीएफ-८ असतीलच, याची हमी कुणीही देत नाही. बाहेरून लॉगिनचा प्रयत्न करणारा वापरकर्त्याच्या नावाच्या जागी वाटेल ते बाइट पाठवू शकतो आणि ती ओळ तर आम्हाला हमखास हवी असते.

९ डिसेंबर

पार्सर, म्हणजे ओळीचे अर्थपूर्ण भाग पाडणारा कोड, ॲटोपार्सेक ही लायब्ररी वापरून लिहून झाला. आमच्याकडे सिस्लॉग या लॉग लिहिण्याच्या रूढ पद्धतीच्या दोन्ही तऱ्हा येतात. २००१ च्या आरएफसी ३१६४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींचा क्रमांकित दस्तऐवज) तेव्हा रूढ असलेली पद्धत नोंदवलेली आहे आणि तिच्यातल्या वेळेत वर्ष नाही, कालविभागही नाही. २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये वेळ पूर्ण लिहिलेली असते. दोन्हींची सुरुवात कोनी कंसातल्या एका आकड्याने होते. त्या आकड्याला ८ ने भागले की भागाकार कोणत्या विभागाची ओळ आहे ते सांगतो आणि बाकी तिची तीव्रता सांगते. उदाहरणार्थ ३४ म्हणजे चार अठ्ठे बत्तीस आणि वर दोन : विभाग ४, म्हणजे सुरक्षा आणि प्रवेशपरवानगी, तीव्रता २, म्हणजे गंभीर. विभाग २३ पर्यंत आणि तीव्रता ७ पर्यंत असल्यामुळे सगळ्यांत मोठा आकडा १९१ होतो. माझ्या पहिल्या पार्सरने १९२ मुकाट्याने स्वीकारला होता. आता तीव्रता हा आठ नावांचा स्वतंत्र टाइप आहे, विभागही तसाच आहे आणि आकड्यापासून त्यांच्यापर्यंत जाणारी वाट एकच आहे, जिच्यावर १९२ अडतो.

दोन निर्णय लिहून ठेवतो. पहिला असा की, आधी नव्या ओळीच्या चिन्हापर्यंतचा तुकडा तोडायचा आणि मग तेवढाच पार्सरला द्यायचा. पूर्ण फाइल पार्सरच्या हाती दिली, तर एक बिघडलेली ओळ शेजारच्या चांगल्या ओळीलाही सोबत घेऊन जाते. दुसरा असा की, पार्सरच्या प्रत्येक भागाला नाव द्यायचे. ॲटोपार्सेक वेगासाठी बांधलेला आहे आणि अपयशाचा त्याचा मूळ संदेश फारच त्रोटक असतो. नावे दिल्यावर नाकारलेल्या ओळीशेजारी ‘वेळ’ किंवा ‘यंत्राचे नाव’ असे कारण दिसते आणि चूक शोधायला कुठून सुरुवात करायची ते कळते.

१० डिसेंबर

हाताने चालवल्यावर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप, चालवताच अहवालाच्या पहिल्याच मराठी मथळ्यावर कोसळला. जीएचसी फाइलींचे अक्षर-संकेतन परिसरातल्या (एन्व्हायर्नमेंटमधल्या) लॅंग या चलावरून ठरवते आणि क्रॉनच्या परिसरात ते चल नव्हते, त्यामुळे संकेतन आस्की धरले गेले आणि देवनागरी अक्षर बाहेर लिहिणे अशक्य झाले. प्रोग्रॅमच्या आरंभीच प्रमाण आउटपुटचे संकेतन यूटीएफ-८ असे ठरवून टाकले. लॉगचे वाचन बाइटांचे असल्याने त्याला याचा धक्का लागला नाही.

१३ डिसेंबर

मेमरी वाढते आहे. एक दिवसाचा लॉग नीट जातो, आठवड्याचा टाकला की आलेख सरळ रेषेत वर चढतो. रनटाइमला ढीगाचा (हीपचा, म्हणजे प्रोग्रॅम वापरत असलेल्या मेमरीचा) आलेख काढायला सांगितल्यावर उत्तर लगेच दिसले : सगळी जागा थंकांनी व्यापली होती. थंक म्हणजे अजून न केलेल्या गणिताची चिठ्ठी. लॉगिन करू पाहणाऱ्याच्या आयपी पत्त्यामागे अपयशांची संख्या मोजणाऱ्या मॅपमध्ये, म्हणजे चावीवरून मूल्य देणाऱ्या कोष्टकात, ‘आधीची संख्या अधिक एक’ ही बेरीज होतच नव्हती. तिची चिठ्ठी ठेवली जात होती, तिच्यावर पुढची चिठ्ठी आणि तिच्यावर आणखी पुढची. मॅपची स्ट्रिक्ट, म्हणजे गणित तिथल्या तिथे उरकणारी, आवृत्ती घेतल्यावर ही माळ थांबली.

वाढ मात्र पूर्ण थांबली नाही आणि तिचे कारण मला अधिक शिकवणारे वाटले. यादी डावीकडून गुंडाळणाऱ्या फंक्शनची स्ट्रिक्ट आवृत्ती मी आधीच वापरत होतो आणि तेवढ्यावर निश्चिंत होतो. पण ते फंक्शन प्रत्येक पायरीवर जमा मूल्याचे फक्त बाहेरचे कवच उघडते. माझे जमा मूल्य हे तीन घटकांचे त्रिकूट होते : समजलेल्या ओळी, नाकारलेल्या ओळी आणि मॅप. कवच म्हणजे ‘हे तिघांचे त्रिकूट आहे’ एवढीच खात्री. आतले तिन्ही घटक न सोडवलेलेच राहिले. त्रिकूट काढून त्याच्या जागी स्वतःचा टाइप केला आणि त्याचे प्रत्येक घर, उद्गारचिन्ह लावून, स्ट्रिक्ट म्हणून घोषित केले. बदल तीन उद्गारचिन्हांचा होता. आलेखातले थंक नाहीसे झाले.

१५ डिसेंबर

थंक गेले, तरी आलेखात दुसरा एक पट्टा हळूहळू रुंदावत होता. तो कच्च्या बाइटांच्या साठ्याचा होता. मॅपमध्ये जेमतेम दहा हजार पत्ते होते आणि एका पत्त्याला १५ बाइटांहून अधिक लागत नाहीत, म्हणजे सगळे मिळून दीड लाख बाइट. पट्टा त्याच्या शेकडो पट होता.

दुपारी ६ तारखेची नोंद पुन्हा वाचली आणि उलगडा झाला. शब्द कापताना बाइट नव्याने लिहिले जात नाहीत, ही ज्या दिवशी मला मोठी सोय वाटली, त्याच दिवशी हा प्रश्न पेरला गेला होता. मॅपमध्ये चावी म्हणून ठेवलेला पत्ता दिसायला १५ बाइटांचा होता, पण तो ज्या ३२ किलोबाइटच्या तुकड्यातून कापला, तो पूर्ण तुकडा त्याच्यासाठी जिवंत राहत होता. गार्बेज कलेक्टरच्या, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या भागाच्या, दृष्टीने तुकडा अविभाज्य असतो. त्यातला एक कोपरा कुणाच्या हातात असला, तर तो संपूर्ण राखावा लागतो. दहा हजार पत्ते दहा हजार वेगवेगळ्या तुकड्यांतून आले, तर ३२ कोटींहून अधिक बाइट अडकतात.

उपाय एका शब्दाचा आहे : मॅपमध्ये टाकण्यापूर्वी पत्त्याची प्रत काढणे. मी एक पाऊल पुढे जाऊन चावी म्हणून शॉर्ट बाइटस्ट्रिंग घेतली, कारण साधी बाइटस्ट्रिंग मेमरीत एका जागी खिळलेली असते, गार्बेज कलेक्टरला ती सरकवता येत नाही, आणि अशा हजारो लहान खिळ्यांनी साठा विखुरतो. शॉर्ट बाइटस्ट्रिंगला ते बंधन नसते. मॅपच्या चावीचा टाइप बदलल्यामुळे न काढलेली प्रत आता चुकूनही आत जाऊ शकत नाही. कंपायलर ती दारातच अडवतो. ही गोष्ट मला प्रत काढण्याइतकीच मोलाची वाटते, कारण सहा महिन्यांनी या कोडला हात लावणाऱ्याला आजचा आलेख आठवणार नाही.

१९ डिसेंबर

जुने, दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेले लॉग वाचायला घेतले. फाइलींची यादी करून प्रत्येकीवर लेझी वाचन लावले आणि प्रोग्रॅम ‘फार फाइली उघड्या आहेत’ असे सांगून थांबला. लेझी वाचनात फाइल तत्काळ उघडली जाते, पण बंद होते ती शेवटचा बाइट कुणी मागितला तरच. हजारभर फाइली आधी उघडून मग एकेक वाचायची म्हटली, तर लिनक्सची १०२४ ची नेहमीची मर्यादा ओलांडली जाते. दुसरा दोष याहून घातक होता. एक दाबलेली फाइल अर्धवट होती आणि तिची चूक वाचनाच्या जागी न उमटता मॅपमध्ये बेरीज चालू असताना उमटली, कारण खरे वाचन तेव्हाच होत होते. कोणत्या फाइलीत बिघाड आहे, हे त्या जागी कुणालाच माहीत नव्हते.

हे वाचन काढून टाकले आणि कॉन्ड्युट ही डेटा तुकड्यातुकड्याने वाहून नेणारी लायब्ररी आणली. आता फाइल उघडणे, तिचे तुकडे वाहत नेणे आणि ती बंद करणे हे एकाच कक्षेत घडते. त्या कक्षेतून अपवाद (चूक झाल्याचा इशारा) बाहेर पडला, तरी फाइल बंद होते आणि चुकीसोबत फाइलीचे नाव येते. लेझी मूल्यमापन गणितासाठी मला आजही प्रिय आहे, परंतु फाइल कधी उघडते आणि कधी मिटते हे कोडमध्ये डोळ्यांना दिसलेच पाहिजे, या मतावर मी आता पक्का आहे.

२३ डिसेंबर

चालू फाइलीचा पाठलाग करण्याचे काम तीन दिवस चालले आणि त्यात हास्केलपेक्षा कार्यप्रणालीचाच अभ्यास अधिक झाला.

लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला करून नवे सुरू करणारा प्रोग्रॅम) फाइलीचे नाव बदलते, तेव्हा आपल्या हातातले उघडे हँडल नावाला चिकटलेले नसते. ते आयनोडला, म्हणजे तबकडीवरच्या प्रत्यक्ष फाइलीच्या क्रमांकित नोंदीला, चिकटलेले असते. त्यामुळे नाव बदलल्यावरही आपण जुनीच फाइल वाचत राहतो आणि नवीन फाइल त्याच नावाने शेजारी वाढत जाते. दर सेकंदाला त्या नावाचा आयनोड आणि आपल्या हातातल्या फाइलीचा आयनोड ताडून पाहतो. सोबत उपकरणाचा क्रमांकही पाहावा लागतो, कारण आयनोड क्रमांक एका फाइल-प्रणालीपुरताच एकमेव असतो. फरक दिसताच नव्या फाइलीकडे धावणे ही माझी पहिली चूक. लॉग लिहिणाऱ्या सेवेला ‘फाइल पुन्हा उघड’ असा सिग्नल मिळेपर्यंत ती जुन्याच आयनोडमध्ये लिहीत असते. लॉगरोटेटमध्ये दाबण्याचे काम एका फेरीने पुढे ढकलण्याची सोय आहे, ती याचसाठी. म्हणून आता फरक दिसला, तरी जुनी फाइल शेवटापर्यंत वाचतो, थोडे थांबतो, पुन्हा वाचतो आणि तीत नवे काही न आल्यावरच ती सोडतो.

दुसरी तऱ्हा प्रत काढून मूळ फाइल रिकामी करण्याची आहे. तीत आयनोड तोच राहतो. फाइलीची लांबी आपल्या वाचलेल्या जागेपेक्षा कमी झाली, तर आरंभापासून वाचायचे एवढेच कळते. पण प्रत काढणे आणि रिकामे करणे यांच्या मधल्या क्षणात लिहिलेल्या ओळी हरवू शकतात, हे लॉगरोटेटच्या माहितीपत्रकातच लिहिलेले आहे. आमचा ताळा अशा हरवलेल्या ओळी पकडू शकत नाही, कारण त्या वाचल्याच जात नाहीत. सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकारी बाईंना हे दाखवले. त्यांनी उरलेल्या दोन सेवाही नाव बदलण्याच्या पद्धतीवर आणण्याचे मान्य केले.

फाइलीच्या टोकाशी अर्धी लिहिलेली ओळ सापडते, ती नाकारायची नाही; नव्या ओळीचे चिन्ह येईपर्यंत जवळ ठेवायची.

२७ डिसेंबर

चार फाइली चार थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या चार धाग्यांत, वाचून एकाच मोजणाऱ्याकडे पाठवल्या. मधली रांग एसटीएमची, म्हणजे अनेक थ्रेडांना सुरक्षितपणे वाटून घेता येणाऱ्या मेमरीची, आहे आणि तिला हजार ओळींची मर्यादा घातली आहे. मर्यादा नसती, तर मोजणारा मागे पडताच रांग मेमरी खात सुटली असती. साध्या फोर्कने काढलेला थ्रेड अपवादाने मेला, तर एक संदेश छापला जातो आणि बाकीचा प्रोग्रॅम तसाच पुढे चालतो, म्हणजे पुन्हा तोच मूक शून्य. असिंक लायब्ररीतून थ्रेड जोडून घेतले. आता एक कोसळला, तर सगळ्यांना कळते.

३० डिसेंबर

सेवा थांबवून पुन्हा सुरू केली आणि मधल्या काही मिनिटांची मोजणी दोनदा झाली. थांबवताना सिस्टमडी (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) सिगटर्म हा थांबण्याचा सिग्नल पाठवते. कीबोर्डवरून थांबवल्यास जीएचसीचा रनटाइम मुख्य थ्रेडमध्ये अपवाद टाकतो आणि आवराआवरीचे कोड चालते. सिगटर्मसाठी मात्र अशी व्यवस्था आयती मिळत नाही आणि प्रक्रिया जागच्या जागी संपते. माझे सगळे परीक्षण कीबोर्डवरून झाले होते, म्हणून हे इतके दिवस दिसले नाही. सिगटर्मसाठी हँडलर बसवला, जो मुख्य थ्रेडमध्ये तसाच अपवाद टाकतो.

हँडलर हाही पूर्ण उत्तर नाही, कारण वीज जाताना सिगटर्म येत नाही. त्यामुळे आयनोड, वाचलेली जागा आणि त्या जागेपर्यंतची मोजणी हे तिन्ही एकाच फाइलीत लिहितो. आधी तात्पुरत्या नावाने, मग ती तबकडीवर उतरल्याची खात्री करून, आणि शेवटी नाव बदलून. नाव बदलणे एकाच फाइल-प्रणालीत अखंड घडते, म्हणून वाचकाला एक तर जुनी अवस्था दिसते किंवा नवी. मोजणी आणि जागा यांची फारकत आता होऊ शकत नाही.

२ जानेवारी

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या ओळी आज वाचल्या आणि त्यांवर चालू वर्ष लागले, म्हणजे त्या जवळजवळ बारा महिने पुढच्या ठरल्या. आरएफसी ३१६४ च्या वेळेत वर्ष नसते, हे ९ तारखेला मीच लिहिले होते. पार्सर आता ‘वर्ष नसलेली वेळ’ हा वेगळा टाइप परत करतो आणि तिला वर्ष देणारे फंक्शन फाइल वाचल्याचा क्षण मागून घेते : चालू वर्ष लावून तारीख एका दिवसाहून अधिक पुढे गेली, तर मागचे वर्ष धरायचे.

येथेच आणखी एक सापळा हाती लागला. तारीख बनवणारे नेहमीचे फंक्शन अवैध दिवस आला, तर तक्रार करत नाही. तो जवळच्या वैध दिवसावर आणून ठेवते. लीप नसलेल्या वर्षात २९ फेब्रुवारी दिली, तर २८ फेब्रुवारी मिळते. वैधता तपासणारे त्याचे भावंड त्याच लायब्ररीत आहे आणि ते अशा वेळी काहीच देत नाही. ते घेतले, आता अशी तारीख आली, तर आधी मागचे वर्ष लावून पाहिले जाते आणि तेही न जमल्यास ओळ कारणासह नाकारली जाते.

९ जानेवारी

आठवडाभर जुनी साखळी आणि नवा प्रोग्रॅम शेजारीशेजारी चालवले. एका यंत्रावरच्या फसलेल्या लॉगिनांचा आकडा दोन्हींकडे सारखा येत होता, पण नाकारलेल्या ओळींच्या फाइलीत त्याच यंत्राच्या ४१ ओळी होत्या आणि त्या सगळ्यांचा आशय एकच : ‘मागचा संदेश इतक्या वेळा पुन्हा आला’. सिस्लॉग तीच ओळ सलग आली, तर ती पुन्हा न लिहिता अशी एक ओळ लिहितो. जुनी साखळी या ओळींना ओलांडून जात होती, म्हणजे एकाच पत्त्यावरून भराभर झालेले प्रयत्न, ज्यांची आम्हाला सर्वांत अधिक काळजी, तेच मोजणीतून निसटत होते. नवा प्रोग्रॅमही ते मोजत नव्हता, पण त्याने ओळी बाजूला काढून ठेवल्या होत्या.

नोंदीच्या टाइपमध्ये ‘पुनरावृत्ती’ ही तिसरी शक्यता वाढवली आणि कंपाइल केले. कंपायलरने चार जागा दाखवल्या, जिथे ही शक्यता हाताळलेली नव्हती : मोजणी, अहवाल, इशारा आणि अवस्था साठवणे. अवस्था साठवण्याची जागा माझ्या लक्षात आली नसती. प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाल्यावर पहिलीच ओळ पुनरावृत्तीची असू शकते, म्हणून प्रत्येक यंत्राचा मागचा संदेशही त्या फाइलीत लिहावा लागतो, आणि त्याची प्रत काढूनच.

चारही जागा संध्याकाळी पूर्ण झाल्या. त्या ४१ ओळी पुन्हा चालवल्यावर सगळ्या समजल्या गेल्या आणि ताळा जुळला. क्रॉनमधली ऑकची ओळ उद्या सकाळी काढतो.